डीपीचं तेल

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. शिपाईसुद्धा माझा चेहरा बघून ठरवतो की चहा आत्ता आणायचा की थोड्या वेळानं. पण आयुष्यात ज्या गोष्टीचा सगळ्यात जास्त राग काढायला पाहिजे होता, तो मला काढताच आला नाही. काढायचा कुणावर, हेच कळेना.

ती गोष्ट आमच्या घरातल्या एका बाटलीची आहे. थंड पेयाची जुनी प्लास्टिकची बाटली, झाकणाला चिंधी गुंडाळलेली, मायच्या खाटेशेजारच्या कोनाड्यात ठेवलेली. आत डीपीचं तेल. गावाबाहेर खांबांवर विजेचा जो ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला आमच्याकडं सगळे डीपी म्हणतात. आतली वेटोळी थंड राहावीत म्हणून त्याच्या पोटात तेल भरलेलं असतं. आणि आमच्या जालना जिल्ह्यात कुठल्याही गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे तेल गुडघ्याला चोळलं की दुखणं पळतं, असंच तो सांगणार. का पळतं? तर, "करंट पिलेलं तेल हाय ते, त्यात ताकद असणारच की!"

मी वीज कंपनीत क्लार्क म्हणून लागले तेव्हा वस्तीतले सगळे पेढे खायला आले. मला वाटलं, आता एकेकजण बिलाचं गाऱ्हाणं काढणार. शेजारच्या मावशीनं पेढा तोंडात टाकला, बोटं पदराला पुसली आणि विचारलं, "मंग आता तेल मिळंल का गं?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मायसुद्धा. मला हसू आलं. नोकरी माझी आणि लॉटरी वस्तीच्या गुडघ्यांची.

मायचे गुडघे ऊसतोडीत गेले. अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या बाजूला ती कितीतरी हंगाम ऊस तोडायला जायची. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं, मोळी टाकायची, उतरायचं, परत चढायचं. मी शाळेत पाढे म्हणत होते तेव्हा ती फळी चढत होती. मला नोकरी लागली तोवर तिला आमच्या घराची एक पायरीसुद्धा धड चढता येत नव्हती. गोळ्या घेतल्या की पोट जळायचं. डॉक्टर ऑपरेशन सांगायचे, आणि माय म्हणायची, "मला कापायचं न्हाई. मी आयुष्यभर कोयता चालवला, मला ठाऊक हाय कापलेलं काय होतं ते."

पहिली बाटली आणली आमच्या ऑफिसच्या लाइनमन मामांनी. मामा म्हणजे माझे मामा नव्हेत. आख्खं ऑफिस त्यांना मामाच म्हणायचं. खांबावर चढण्यात उभं आयुष्य गेलेला माणूस, शेजारच्या गावच्या मोठ्या घरातला, आवाज खणखणीत. चारचौघांत मला मॅडम म्हणायचे आणि एरवी ताई. बाटली देऊन निघायचं तर ते तिथंच मायच्या खाटेपाशी उकिडवे बसले. "कसं लावायचं ते दाखवतो, माय," म्हणाले. तिचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला, तळव्यात तेल ओतलं आणि गुडघ्याच्या वाटीभोवती गोल गोल चोळलं. माय अवघडून बसली होती. नको नको म्हणायचंही तिला सुधरेना.

ते गेल्यावर तिनं लुगडं गुडघ्याखाली ओढून घेतलं. मग म्हणाली, "त्याच्या आज्याच्या दारात माझी माय पदर पसरून उभी राहायची. भाकर वरून टाकायचे. हात लागू नये म्हणून. अन् आज त्यानं माझा पाय मांडीवर घेतला." एवढंच म्हणाली. पण त्या दिवसापासून तिचा गुडघा त्या तेलाशिवाय ऐकेना. तेलात गुण होता की पाय मांडीवर घेण्यात, ते मला सांगता येणार नाही.

मग तो रिवाजच पडला. ऑफिसातून आले की हातपाय धुवायचे, चहा व्हायचा, माझ्या दोन्ही पोरांना अभ्यासाला बसवायचं आणि मायचे गुडघे चोळायचे. माझ्या हातांना तो वास कायमचा बसला. जळकट, जरा गोडसर, रॉकेलच्या जातीचा. बाटली संपली की मामा दुसरी आणून द्यायचे. मी त्यांना कधी विचारलं नाही की कुठून आणता. ऑफिसच्या मागच्या आवारात जळक्या डीपी आणि तेलाची पिंपं पडलेली मला खिडकीतून दिसायची. विचारायचं काय त्यात?

अलीकडं काही वर्षं वरून एक नवीनच फॉर्म यायला लागला. शाश्वतता कामगिरी अहवाल. नाव वाचूनच माझ्या कपाळाला आठी. आमचे साहेब वयानं माझ्यापेक्षा लहान, स्वभावानं गरीब. त्यांनी तो माझ्या टेबलावर सरकवला, कारण ऑफिसात कॉम्प्युटरवर बराबर तक्ता भरता येणारी मी एकटीच.

"साहेब, हे शाश्वतता म्हणजे नेमकं काय हो?"

"मॅडम, आपण पृथ्वीचं किती वाटोळं केलं नाही, ते लिहून द्यायचं."

झाडं किती लावली, पाणी किती वाचवलं, कागद किती कमी वापरला. झाडांचे खड्डे दर वर्षी तेच, रोपं तेवढी नवी. फोटो काढताना मागची भिंत येऊ द्यायची नाही, एवढीच काळजी. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना कुठं कळणार आहे? मी भराभरा भरत गेले आणि तेलाच्या रकान्यापाशी अडले. डीपीत नवीन तेल किती भरलं, जळक्या डीपीतून जुनं किती निघालं, गाळायला किती पाठवलं आणि फरक किती. फरक चांगला घसघशीत होता. पुढं रकाना होता, फरकाचं कारण.

मी खिडकीतून मागची पिंपं बघितली. मग लिहिलं, गळती. आणि एकटीच हसले.

दोन दिवसांनी वरून फोन आला. गळती कशी लिहिली? गळती म्हणजे माती खराब झाली, मग त्याचा वेगळा फॉर्म, वेगळे फोटो. साहेबांनी घाबरून ते खोडायला लावलं. पण वरच्यांच्या डोक्यात तेल शिरलं ते शिरलंच. पुढच्या वर्षी अहवालाच्या आधी त्यांनी तपासणीला एक मुलगी पाठवली.

पोरगी चांगली होती. पुण्याहून आली होती, उन्हानं लाल झालेली, तरी कुरकुर नाही. मागच्या आवारात गेली, निळे हातमोजे चढवले आणि एकेका पिंपातलं तेल छोट्या बाटल्यांत भरून त्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या. मामा पिंपांची झाकणं उघडून देत होते, उघड्या हातांनी. ती म्हणाली, "काका, हात नका लावू." मामा हसले. "बाई, हे हात याच तेलात म्हातारे झालेत."

नंतर माझ्या टेबलाशी चहा पिताना मी तिला सहज विचारलं, की मोजे कशाला, साधं तेल तर आहे. ती म्हणाली, बहुतेक साधंच असतं. पण फार जुन्या काही ट्रान्सफॉर्मरांच्या तेलात एक विष सापडतं. तिनं तीन इंग्रजी अक्षरं सांगितली. ते नासत नाही, जात नाही. कातडीतून आत शिरतं आणि शरीरात साठून राहतं. लिव्हर धरतं, अंगावर फोड येतात. आणखीही काय काय.

"अन् कुणी अंगाला चोळलं तर?" मी विचारलं.

ती हसली. "कोण चोळेल, मॅडम?"

माझे हात टेबलावर होते. मी ते खाली मांडीवर घेतले. तिनं चहा छान झाल्याचं सांगितलं आणि ती पुढच्या ऑफिसला गेली.

त्या संध्याकाळी मी मायचे गुडघे चोळले नाहीत. डोकं दुखतं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मंग ये, तुझ्या कपाळाला लावते थोडं." मी तिच्या हातातून बाटली अक्षरशः हिसकावली.

काही आठवड्यांनी निकालाची मेल आली. एक सोडून सगळी पिंपं बरी होती. त्या एका पिंपात ते विष होतं. मागच्या रांगेतल्या, कोपऱ्यातल्या. ते पिंप सीलबंद करून वेगळं ठेवा, आम्ही गाडी पाठवतो, एवढाच मजकूर. मी मेल वाचली आणि मामांना गाठलं. ते आवारात वायरचं भेंडोळं गुंडाळत बसले होते.

"मामा, आमच्या मायला तेल तुम्ही कोणत्या पिंपातलं देत होता?"

त्यांनी मोठ्या खुशीनं बोट दाखवलं. "हे काय, कोपऱ्यातलं. लोणच्यावानी मुरलेलं तेल हाय ते, ताई. नव्या तेलात गुण नसतो. माझ्या जवळच्या माणसांना मी कायम ह्याच पिंपातलं दिलं."

मी त्यांना सगळं सांगितलं. भेंडोळं त्यांच्या हातातून सुटून उलगडत गेलं. ते वाकून वायर गोळा करायला लागले. मग म्हणाले, "मी एक थेंब विकला न्हाई, ताई. बिलकुल न्हाई. म्हाताऱ्या माणसांना दिलं. माझ्या घरी पण तेच हाय." मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण ज्यानं चांगलं म्हणून विष वाटलं, त्याला काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

घरी बाटली काढून घेणं हे आणखीच अवघड निघालं. मी समजावलं, ओरडले, हातापाया पडले. माय ऐकून घ्यायची आणि विचारायची, "मंग गुडघ्याला काय लावू?" शेवटी मी गुपचूप ते तेल ओतून बाटलीत करडईचं तेल भरलं. ओतायचं तरी कुठं, तेही कळेना. मोरीत नको, मातीत नको. एका डब्यात भरून डबा ऑफिसात नेला आणि त्याच पिंपाशेजारी ठेवला. संध्याकाळी मायनं झाकण उघडलं, हुंगलं आणि बाटली माझ्या अंगावर फेकली.

"हे फोडणीचं तेल हाय! मला काय कांदा समजून राह्यली का तू?"

मला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही. ती मात्र मनापासून चिडली होती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मावशीच्या घरातून थोडं तेल मागून आणलं तिनं. मावशीला ते कोणी दिलं होतं? मीच. मामांकडून दोन बाटल्या आणायचे, एक आमची, एक तिची. आपल्याच हातानं काडी लावायची आणि मग पाण्यासाठी धावायचं, अशी माझी गत.

त्याच्या आधीपासूनच मायच्या पोटऱ्यांवर काळपट डाग होते आणि जेवण कमी झालं होतं. आम्ही ते वयावर ढकललं होतं. आता मी तिला जालन्याला नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. लिव्हर खराब झालंय म्हणाले, बरंच. मी त्यांना तेलाचं सगळं सांगितलं, ती तीन अक्षरंही सांगितली. त्यांनी चष्मा काढला.

"डीपीचं तेल ना? माझे वडीलही लावायचे."

"पण त्यानंच झालं का हे, डॉक्टर?"

"ते कसं सांगणार? कशानंही होऊ शकतं. या विषाची तपासणी आपल्याकडं होत नाही, आणि झाली तरी उलटा इलाज नाही. तेल बंद करा, बाकी जपा."

म्हणजे माझ्या हातानं माझी माय मारली की नाही, हेही मला कधी कळणार नव्हतं. बाहेर बाकड्यावर माय बसली होती, चपला शेजारी काढून. "काय म्हणाला? गुडघ्याचं काही बोलला का?" असं तिनं विचारलं. मी नाही म्हणाले.

त्या आठवड्यात अहवाल भरायचा होता. या वेळी मी ठरवून बसले. फरकाच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं की हे तेल आजूबाजूच्या गावांतले लोक दुखण्यावर अंगाला चोळतात, एका पिंपात विष सापडलं आहे, तरी लोकांना सांगावं आणि त्यांची तपासणी करावी. रकाना लहान होता. दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा कॉम्प्युटरनं ते घेतलंच नाही, या वर्षीपासून तिथं फक्त ठरावीक शब्दांतला एक निवडता यायचा. मग मी वेगळं पत्र टाइप केलं आणि साहेबांपुढं ठेवलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. दार लावून घेतलं.

"मॅडम, यातलं एक अक्षर खोटं नाही. मी सही करतो. पण पुढं काय होईल ते ऐकून घ्या. चौकशी लागेल. पहिला प्रश्न, पिंपाची किल्ली कोणाकडं? मामांकडं. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने राहिलेत, पेन्शन अडकेल. दुसरा प्रश्न, तेल घरी कोणी नेलं? तुम्ही. आणि तुमच्या गावात तपासणीला डॉक्टर येतील का? मला नाही वाटत. तुम्हीच सांगा, पाठवू?"

ते धमकी देत नव्हते, हाच तर घोळ होता. धमकी दिली असती तर मी पत्र त्यांच्या नाकावर आपटून पाठवलं असतं. मी खिडकीतून बघितलं. मामा आवारात त्या पिंपावर ताडपत्री बांधत होते, गाठ नीट बसेना म्हणून परत परत. मी पत्र उचललं आणि माझ्या खणात ठेवलं. ते अजून तिथंच आहे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी असा खाल्ला, आणि तोंड दाबणारा हातही माझाच होता.

तक्ता मात्र भरावाच लागणार होता. ठरावीक शब्दांच्या यादीत गळती होती, चोरी होती आणि पुनर्वापर होता. साहेब म्हणाले, पुनर्वापर टाका, त्याला कोणी प्रश्न विचारत नाही. मी टाकला.

पण लोकांना तरी सांगू, एवढं माझ्या हातात होतं. एका रविवारी वंदनेनंतर विहारात मी उभी राहिले. मामाही आले होते. मी बोलवलं नव्हतं, आपणहून आले आणि दाराशी चपला काढून मागं बसले. मी सगळं सांगितलं, तेल कुणीही लावू नका, घरात असेल तर आणून द्या. लोक शांतपणे ऐकत होते. मग एक आजोबा म्हणाले, "बराबर हाय. आता कंपनीला कळलं ना तेलात गुण हाय ते. आता डब्यात भरून इकतील." हशा झाला. दुसरी एक बाई म्हणाली, "गरिबाला फुकटात आराम पडलेला कुणाला बघवत न्हाई." मामांनी उठून सांगितलं, "मी देत होतो ना तेल? मीच सांगून राह्यलो, नका लावू." तर आजोबा म्हणाले, "तुमची नोकरी हाय मामा, तुम्हाला असंच बोलावं लागंल."

कोणीही तेल आणून दिलं नाही. उलट जाताना एक म्हातारी माझ्या जवळ आली आणि हळूच म्हणाली, "जय भीम, बाई. बंद व्हायच्या आत एक बाटली तेवढी होईल का?"

मी तिच्यावर खेकसले. नंतर वाईट वाटलं. तिचे पाय धनुष्यासारखे वाकले होते आणि ती वस्तीच्या दुसऱ्या टोकापासून चालत आली होती.

पावसाळा सरला आणि मायनं अंथरूण धरलं. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, हातापायांच्या काड्या. गंमत बघा, चालणं बंद झालं तरी गुडघे दुखायचे थांबले नाहीत. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं. आष्टीहून भाऊ येऊन गेला, बहीण येऊन राहिली. सगळे पोटाबद्दल बोलायचे आणि माय फक्त गुडघ्यांबद्दल.

त्याच दिवसांत कंपनीचा छापील अहवाल ऑफिसात आला. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हिरवं पान आणि त्यावर दवाचा थेंब. आत एका पानावर आमच्या उपविभागाचं नाव होतं. वापरलेल्या तेलाचा उत्तम पुनर्वापर केल्याबद्दल प्रशस्तिपत्रक. सोबत एक खोकं, सुरक्षिततेला प्रोत्साहन म्हणून. साहेबांनी ते माझ्यासमोर उघडलं. निळे हातमोजे, खच्चून भरलेले. साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, "मॅडम, हे स्टॉकला घ्या."

मी प्रशस्तिपत्रकातला तो शब्द वाचत उभी राहिले. आमचा पुनर्वापर म्हणजे माय, शेजारची मावशी, विहारातली ती म्हातारी. कंपनी खूश होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय कण्हत होती. बहीण पाय दाबत होती, पण तिला ते नकोच होतं. तिनं मला जवळ बोलावलं.

"एकदा लाव गं. आता काय व्हायचं राहिलंय?"

बहीण माझ्याकडं बघायला लागली. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं की दिवस मोजकेच उरलेत. मी म्हणाले, "माय, तेल न्हाई आता कुठं." ती म्हणाली, "मामाकडं असंल."

मी गेले. मामा निवृत्त झाले होते, ओट्यावर बसले होते. मी काही बोलायच्या आत त्यांना कळलं. आत गेले आणि पावशेर तेल असलेली एक बाटली घेऊन आले. "माझ्या घरातलं हाय. सगळं फेकायचं म्हणत होतो, जमलं न्हाई. ताई, हे मी देऊन राह्यलो की तू घेऊन राह्यली, ते आता देवालाच ठाऊक." त्यांनी दिलं आणि मी घेतलं. एरवी मी भांडले असते.

घरी आले. ऑफिसातून आणलेल्या मोज्यांचा एक जोड माझ्या पर्समध्ये होता. का आणला होता ते मला नीट सांगता येत नाही. बहुतेक याच दिवसासाठी. मला दोन मुलं आहेत, त्यांना वाढवायचं आहे, हा विचार मी केला होता. खोटं कशाला बोलू? खाटेजवळ बसले, मोजे चढवले आणि बाटलीचं झाकण काढलं. तो वास घरभर झाला. मायनं डोळे उघडले. तिला बरं वाटलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिची नजर खाली आली, माझ्या हातांवर.

तिनं बराच वेळ बघितलं. रागावली नाही. आवाजही चढवला नाही.

"मला हात लावायला तू मोजे घातलेस?" ती म्हणाली. "तू पण?"

बहीण म्हणाली, माय, तसं नाही गं, ते औषधासाठी असतं. मायनं तिच्याकडं बघितलंच नाही. पाय हळूच जवळ ओढून घेतला. जो पाय तिला दोन महिन्यांत स्वतःहून हलवता आला नव्हता, तो.

मी मोजे काढले. घामानं चिकटले होते, ओढून काढावे लागले. तिचा पाय परत मांडीवर घेतला, तळव्यात तेल ओतलं आणि गुडघ्याच्या वाटीभोवती गोल गोल चोळायला लागले. ती म्हणाली, "जरा खाली." मी जरा खाली चोळलं. "हां," ती म्हणाली आणि डोळे मिटले.